पहिला वाघ महाराजबागेतला

आमच्या घरी उन्हाळ्यात दोन कूलरची चौकशी होते. एक आमचा, जो दरवर्षी माळ्यावरून उतरवला की त्याचा पंप जाम निघतो आणि खसच्या ताट्या बदलायच्या का याच वर्षी ढकलायच्या यावर दोन दिवस चर्चा चालते. दुसरा महाराजबागेतल्या, म्हणजे नागपूरच्या जुन्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा. एप्रिलात पेपरात फोटो येतोच, पिंजऱ्याला हिरवी नेट बांधली, कूलर लावला, पाण्याचे फवारे सुरू केले, अस्वलाला टरबूज दिलं. बाबा चष्मा वर करून तो फोटो नीट बघतात आणि मग आईला आवाज देतात, "ऐकतेस का, वाघाचा कूलर लागला, आपला कधी लागून राहिला?"

नागपूर सोडून बाहेरच्या लोकांना हे विनोदी वाटतं. वाघाला कूलर! पण बाप्पा, इथं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि ४७ ला गेला तरी कुणी फार दचकत नाही, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, सुरू झाला की दुपारी सीताबर्डीच्या बाजारात, आमच्या बर्डीवर, कुत्रंसुद्धा दिसत नाही. आणि वाघाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकतो नाहीतर सरळ पाण्यात जाऊन बसतो. मांजरीच्या खानदानातला असून पाणी आवडणारा प्राणी आहे तो. आमच्या लहानपणी तो हौदात मागचं अर्ध अंग बुडवून बसलेला असायचा, आणि बाबा म्हणायचे, "पाय, कसा साहेबासारखा बसला आहे." (पाय म्हणजे बघ, आमच्याकडे.)

तर महाराजबाग. आम्ही नागपूरकर त्याला प्राणिसंग्रहालय म्हणत नाही, झू पण फारसं म्हणत नाही, नुसतं महाराजबाग. "रविवारी महाराजबागेत जाऊ" म्हटलं की त्यात प्राणी, झोपाळा, घसरगुंडी, झाडाखालची चादर, डब्यातल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी सगळं आलं. आम्ही जुन्या नागपुरात, महाल भागात राहायचो. बाबांच्या स्कूटरवर चौघं, मी समोर उभा, आई मागे ताईला मांडीवर घेऊन, आणि डब्याची पिशवी हँडलला. झाशी राणी चौकातून आत वळलो की झाडं सुरू व्हायची आणि हवा एकदम दोन डिग्रीनं उतरल्यासारखी वाटायची. आतासुद्धा वाटते. मधे नाग नदीचा वास यायचा (जिच्यावरून शहराला नाव मिळालं तिला आपण नाला करून टाकलं, असो) आणि त्यात मिसळलेला दुसरा वास, ओल्या गवताचा, शेणाचा आणि आणखी कशाचा तरी उग्र. ताई नाक दाबायची. मी मात्र तो वास आला की समजायचो, आलं.

नाव महाराजबाग कारण ही बाग नागपूरकर भोसल्यांची. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, मुलगा नव्हता, डलहौसीनं दुसऱ्याच वर्षी राज्य खालसा करून टाकलं. इंग्रजांनी बाग ठेवली, झाडं वाढवली, आणि १८९४ मध्ये तिथं प्राणी आणून ठेवले. त्याच्या दोनच वर्षं आधी म्हैसूरचं सुरू झालेलं. म्हणजे झिरो माइलचा तो दगडी खांब उभा राहायच्या आधीपासून नागपुरात लोक तिकडे प्राणी बघायला जातायत. बाबांचं एक आवडतं वाक्य आहे, "महाराज गेले, गोरे गेले, बाग राहिली." तिसऱ्यांदा ऐकलं की आई तिथून उठून जाते.

आणि मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे की हा सगळा कारभार कृषी महाविद्यालयाकडे आहे. कॉलेज १९०६ चं, नंतर १९६९ मध्ये अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झालं त्याच्याखाली आलं. म्हणजे एकीकडे कापूस, संत्रा, सोयाबीनवर पडलेली कीड यांचा अभ्यास आणि भिंतीपलीकडे बिबट्या. इतर शहरांत हे काम महापालिका करते नाहीतर वनखातं, आमच्याकडे शेतीचे मास्तर. माझा एक मित्र तिथं शिकायला होता, तो सांगायचा की हिवाळ्यात पहाटे प्लॉटवर गेलं की वाघाची डरकाळी ऐकू यायची, आणि गावाकडच्या पोट्ट्यांना पहिल्या आठवड्यात झोप लागायची नाही. किती खरं किती तिखटमीठ, त्याचं तोच जाणे.

आता मूळ मुद्दा. माझी पोट्टी सात वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून ताई आली, तिचा मुलगा आला, आणि ठरलं की पोरांना वाघ दाखवायचा. ताई म्हणाली मग ताडोबाला जाऊ, नागपुरात येऊन वाघ पिंजऱ्यात काय बघायचा, तुमचं शहर स्वतःला टायगर कॅपिटल म्हणवतं ना. बरोबरच होतं तिचं. ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, सगळीकडून वेढलेले आहोत आम्ही. पण बाबा एकदम म्हणाले, "ताडोब्याचं नाव काढू नको माझ्यासमोर."

याला इतिहास आहे. बाबा रिटायर झाले त्या वर्षी मी त्यांना हौसेनं ताडोबाला नेलं होतं. दीडशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवून मोहर्लीला मुक्काम, पहाटे साडेचारला उठून थंडीत कुडकुडत जिप्सीत बसणं, दोन सफाऱ्या. पहिल्या सफारीत पंजाचे ठसे. दुसऱ्या सफारीत चितळाचा कॉल आला, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, गाइडनं बोट ओठावर ठेवलं, सगळ्या जिप्स्या एका रांगेत उभ्या राहिल्या, चाळीस मिनिटं कुणी शिंकलं नाही आणि शेवटी गवतातून बाहेर आलं एक रानडुक्कर. बाबांनी खर्च विचारला, मी कमीच करून सांगितला. ते कमी केलेलं ऐकूनसुद्धा चंद्रपूर सोडेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्यात तर महाराजबागेचा वाघ आपल्याला जन्मभर भेटला असता न बे."

तेव्हा हसलो मी. पण नंतर ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण खरं सांगायचं तर माझा पहिला वाघ महाराजबागेतला, ताईचा तोच, आईचा तोच. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातले, लहानपणी त्यांनी वाघाच्या गोष्टी पोतंभर ऐकल्या, गुरं उचलल्याच्या, पण प्रत्यक्ष वाघ बघितला तो नागपुरात नोकरीला आल्यावर, महाराजबागेत. जंगलाच्या कडेला वाढलेल्या माणसाला वाघ बघायला शहरात यावं लागलं. आणि आजही रविवारी तिथं गेलात तर बघा, कोण लोक असतात. मेडिकलला पेशंट ॲडमिट आहे आणि मधल्या वेळात पोरांना घेऊन आलेलं गावाकडचं कुटुंब, नवीन लग्न झालेली जोडपी, बिगारी काम करणारे बाप खांद्यावर पोरगं घेऊन, मदरशातली, आश्रमशाळेतली पोरं रांगेत. जिप्सीचं बुकिंग करणारं यातलं कुणी नसतं. यांचा वाघ हाच.

हे म्हटल्यावर मला लगेच दुसरी बाजू टोचते. कारण तो वाघ पिंजऱ्यात आहे हे काही मला दिसत नाही असं नाही. एकाच रेषेत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालणारा वाघ बघितला आहे मी, त्याच जागी वळायचा, पाय त्याच ठिकाणी. लहानपणी वाटायचं तो आपल्याला बघायला चकरा मारतोय. मोठं झाल्यावर कळलं की ते कोंडलेल्या जनावराचं लक्षण आहे. जुन्या काळी प्राणिसंग्रहालय म्हणजे गज आणि सिमेंटची फरशी, आता १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, त्यांचे नियम आहेत, पिंजऱ्याऐवजी मोकळं आवार पाहिजे, सावली पाहिजे, लपायला जागा पाहिजे. २०१८ मध्ये तर महाराजबागेची मान्यताच रद्द झाल्याची बातमी आली होती, पुढे ती परत मिळाली. रद्द झाल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या घरी जे वातावरण होतं ते मी सांगू शकत नाही, जणू आमचाच दाखला रद्द झाला. बाबा म्हणाले बंद करू देऊ नये. आई म्हणाली, "करू दे न बंद, सुटतील बिचारे." दोघंही बरोबर होते, आणि त्या रात्री वरणात मीठ नव्हतं तरी कुणी काही बोललं नाही.

सुटतील म्हणजे कुठं, हा प्रश्न असतोच. साहेबराव आठवतो का? चंद्रपूरच्या जंगलात २०१२ मध्ये शिकाऱ्यांच्या सापळ्यात पाय अडकलेला वाघ, त्याच्या पुढच्या पायाची बोटं काढावी लागली. तो महाराजबागेत होता, नंतर गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरला नेला. २०२० च्या जानेवारीत त्याला कृत्रिम पंजा बसवायचा प्रयत्न डॉक्टरांनी केला, पेपर भरून बातम्या होत्या, पण पठ्ठ्यानं शुद्धीवर आल्यावर तो काढूनच टाकला. असा वाघ जंगलात सोडला तर शिकार कशी करणार? आई नसलेली बछडी, विहिरीत पडलेले बिबटे, गावात घुसलेली अस्वलं, यांच्यातल्या बऱ्याच जणांना परत जायला घरच उरलेलं नसतं. मी बाबांना साहेबरावासमोर एकदा बघितलं होतं. तो लंगडत आला आणि भिंतीला टेकून बसला. बाबांचाही तेव्हा गुडघा धरलेला. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत होते, मी शेंगदाणे खात होतो.

बरं, तर हिवाळ्यातली ती सहल. पहिल्या दिवशी आम्ही गेटवरूनच परत आलो. सोमवार होता. सोमवारी बंद असतं हे बाबांना चाळीस वर्षांपासून माहीत, पण रिटायर माणसाला वार कुठं आठवतो! ताईनं एक भुवई वर केली फक्त. तिथून मग अजब बंगल्याकडे, म्हणजे आमच्या जुन्या म्युझियमकडे जायची टूम निघाली तर तो पण सोमवारी बंद असेल म्हणून बाबांनी रस्त्यातच गाडी वळवली आणि सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले, म्हणजे तोंडं बंद. आमच्या लहानपणी बाबांचा क्रम ठरलेला होता, आधी १८६३ चा अजब बंगला, तिथले पेंढा भरलेले प्राणी, मग महाराजबाग. "आधी मेलेले पाहून घ्या, मग जित्ते." आता विचार केला तर शिकवायची पद्धत काही वाईट नव्हती, कारण पेंढा भरलेल्या प्राण्याच्या अगदी जवळ जाऊन मिशा, नखं, दात बघता येतात, आणि मग खरा समोर आला की तो किती हलतो, कान कसे फिरवतो, हे जास्त लक्षात येतं.

मंगळवारी मेट्रोनं गेलो, सीताबर्डीला उतरून. सकाळी लवकर, कारण प्राणी बघायचे तर ऊन चढायच्या आधी, दुपारी सगळे माणसांसारखेच आडवे होतात. आत शिरल्यावर पहिल्यांदा हरणं. आणि इथं एक गोंधळ झाला तो सांगतोच. बाबा म्हणाले, "तो पाय, सांबर." पुण्याचा भाचा म्हणाला, "इडलीसोबतचा?" माझी पोट्टी त्याच्यावर खेकसली, "अरे नाही, सांबार म्हणजे ते हिरवं, भाजीवर टाकतात ते!" कारण आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, सांबारवडी म्हणतो आम्ही. मग पाच मिनिटं एक पोरगं, एक पोरगी आणि एक म्हातारा पिंजऱ्यासमोर सांबर, सांबार, सांबार करत होते आणि तो बिचारा प्राणी चरायचं थांबवून यांच्याकडे बघत उभा.

बाबा नोकरीत कारकून होते, पण तिथं ते मास्तर होतात. पोरांना म्हणाले, याची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन येतात, चितळाचीपण. पण काळविटाची आणि नीलगाईची गळत नाहीत, जन्मभर तीच. मग अस्वल. अस्वलाच्या वरच्या जबड्यातले समोरचे दोन दात नसतात. का नसतात? वाळवी ओढून घ्यायला. वारुळ फोडायचं, ओठांची नळी करायची आणि आतलं सगळं सर्र करून खेचायचं, जंगलात लांबून आवाज ऐकू येतो. हे सांगताना बाबांनी तो आवाज काढून दाखवला, रस्त्यावरचे चार लोक थांबले. मग म्हणाले गावाकडे मोहफुलं वेचायला पहाटे बाया जायच्या, आणि अस्वलाला पण मोहफुलं लै आवडतात, आणि दोघांची वेळ एकच. त्यांच्या गावच्या एका बाईचा अर्धा चेहरा असाच गेला होता. हे ते पोरांसमोर बोलले नाहीत, नंतर बाकावर बसल्यावर मला सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मगरीसमोर भाच्यानं विचारलं ती तोंड उघडून का बसली आहे, भूक लागली का. नाही रे, ती अंग थंड करून राहिली. भूक नाही. भाचा नाराज झाला, त्याला भूक हवी होती.

मोर, माकडं, पक्षी यांच्याकडे आम्ही घाईघाईनं बघितलं. माकडांसमोर नेहमीची मंडळी होतीच, मुरमुरे फेकणारी, शिट्ट्या मारणारी, "ए नाच" म्हणणारी. एक बाप आपल्या पोराला कडेवर घेऊन गजाच्या अगदी जवळ नेत होता आणि पोरगं घाबरून रडत होतं आणि बाप त्याचा व्हिडिओ काढत होता. बोर्ड लावलेले आहेत, खायला देऊ नका, दगड मारू नका. वाचतं कोण! गार्ड ओरडला की पाच मिनिटं शांतता. मला खरंच वाटतं की प्राण्यांना पिंजऱ्याचा जेवढा त्रास होत असेल त्याच्या बरोबरीनं आपल्या तोंडाचा होत असेल.

आणि मग वाघ. झोपलेला. पाठ आमच्याकडे.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. ताई म्हणाली चला पुढे. भाचा म्हणाला आत्या... नाही, मामा, याला उठवा न. माझी पोट्टी मात्र हटेना. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले, गुडघा धरला तरी बसले, आणि हळू आवाजात सांगायला लागले, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, तू त्याच्या पाठीवरचे मोज. ती मोजायला लागली. मग विचारलं, "आबाजी, हा रोज काय खातो?" मांस. "रोज?" नाही, बऱ्याच ठिकाणी वाघाला आठवड्यातून एक दिवस उपास ठेवतात, जंगलात काही रोज शिकार मिळत नाही ना, पोट ठीक राहतं. "आजीसारखा?" हो, आजीसारखा. "मग सोमवारचा असेल," ती म्हणाली, "काल सोमवार होता न, म्हणून थकून झोपला आहे."

बाबांनी यावर काही उत्तर दिलं नाही, खूप वेळ हसत राहिले.

मग तो उठला. म्हणजे काही डरकाळी वगैरे नाही, नुसता उठला, पुढचे पाय लांब करून आळस दिला, जबडा उघडला आणि आमच्याकडे वळून बघितलं. ताडोब्यात वाघ दिसला असता तर दोनशे फुटांवरून दिसला असता, जिप्सीतल्या कुणाच्या तरी टोपीच्या बाजूनं. इथं त्याच्या नाकावरचे काळे ठिपके दिसत होते. माझ्या पोट्टीनं माझं बोट पकडलं. भाच्याचा मोबाइल हातात होता आणि तो फोटो काढायला विसरला. ताई, जी सकाळपासून पिंजरा पिंजरा करत होती, तिच्या तोंडून फक्त "अगं बाई" निघालं. तो एक चक्कर मारून पाण्याजवळ गेला, प्यायला, परत आला, परत त्याच जागी पाठ करून झोपला. सगळं मिळून तीन मिनिटं असेल.

ताई नंतर म्हणाली, वाईट वाटलं रे. मी म्हटलं मलापण वाटतं, दरवेळी वाटतं. तरी मी पोट्टीला परत आणणार हेही मला माहीत आहे, आणि याचा मेळ मला लागत नाही.

आता गोरेवाडा आहे. २६ जानेवारी २०२१ ला तिथली सफारी सुरू झाली, बसमध्ये माणसं आणि बाहेर मोकळे प्राणी, झाडी आहे, तलाव जवळ आहे, शहरात राहून जंगलाचा फील घ्यायचा असेल तर तिथं जा, चांगलं आहे, आम्ही गेलो आहोत. तिथंही सगळं गोड नाही, २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या रेस्क्यू सेंटरमधले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले तेव्हा बाबांनी दोन दिवस पेपर उघडला नाही. आणि २०२३ च्या सप्टेंबरात पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी बर्डीत, लोकांच्या घरात शिरलं होतं, तेव्हा मी घाबरून सकाळी बाबांना फोन केला, तुम्ही ठीक आहात का, घरात पाणी नाही ना आलं. बाबा म्हणाले आपल्याकडे काही नाही, पण महाराजबाग नदीच्याच कडेला आहे, जनावरांचं काय झालं असेल, तू जरा ऑफिसला जाता जाता बघून येतो का?

त्या मंगळवारी निघताना बारा वाजत आले होते. झाडाखाली चादर घातली, आईनं दिलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी काढली, भाच्याला पुऱ्या नको होत्या आणि मग त्यानं सहा खाल्ल्या. पोरं झोपाळ्यावर गेली. झोपाळ्याची करकर मी लहान असताना होती तशीच आहे, साखळी बदलली असेल, आवाज तोच. ताई चपला काढून गवतात पाय सोडून बसली आणि म्हणाली, तुला आठवतं, तू इथं हरवला होतास. मी हरवलो नव्हतो, मी बिबट्याच्या पिंजऱ्याजवळ उभा होतो, हे सगळे हरवले होते. पस्तीस वर्षं झाली, हा वाद मिटलेला नाही.

बाहेर पडताना बाबा नर्सरीत शिरले. दरवेळी शिरतात, आमच्या गॅलरीतली अर्धी झाडं महाराजबागेची आहेत. या वेळी मोगरा घेतला, काळ्या पिशवीतलं हातभर रोप. मेट्रोत बाबांना कुणीतरी उठून जागा दिली तर ते रोप दोन गुडघ्यांमध्ये धरून बसले आणि माझी पोट्टी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मधल्या एका स्टेशनवर ती अर्धवट जागी झाली आणि विचारलं, "आबाजी, किती झाले होते?"

"काय?"

"पट्टे."

"तू सत्तावीसपर्यंत पोचली होती," बाबा म्हणाले, "तो उठला न मधेच."